व्हर्जन कंट्रोल टूलमध्ये एकअक्षरी फ्लॅग कसे ठरवावेत?

तुम्ही स्वतःचं छोटं व्हर्जन कंट्रोल टूल (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) लिहिताय, आणि फ्लॅगची, म्हणजे कमांडला जोडायच्या पर्यायांची, छोटी रूपं ठरवताना गिट या प्रचलित टूलचीच अक्षरं उचलावीत का, असं विचारलंय. -एम म्हणजे मेसेज यासारखी, बोटांत मुरलेली अक्षरं जरूर उचला. पण अक्षरं वाटायची गिटची पद्धत उचलू नका.

एकच अक्षर घेऊ: -एन. 'गिट ॲड -एन', 'गिट पुश -एन', 'गिट क्लीन -एन' या तिन्हींत ते ड्राय रन आहे, म्हणजे निव्वळ रंगीत तालीम. त्याच भरवशावर कोणी 'गिट कमिट -एन' मारलं, तर तिथे त्याचा अर्थ निघतो --नो-व्हेरिफाय. कमिट, म्हणजे बदलांची नोंद, खरंच होतं, वर प्री-कमिट हुकची (नोंदीआधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टची) तपासणीही टळते. 'मर्ज'मध्ये तेच अक्षर --नो-स्टॅट, 'फेच'मध्ये --नो-टॅग्ज, 'क्लोन'मध्ये --नो-चेकआउट, 'चेरी-पिक'मध्ये --नो-कमिट. 'लॉग'मध्ये तर किती कमिट दाखवायचे तो आकडा! प्रत्येक निर्णय त्या त्या कमांडपुरता पाहिला तर पटतो. घोळ दिसतो तो सगळे शेजारी शेजारी मांडल्यावर. म्हणून पार्सर (टाइप केलेली कमांड वाचून तिचा अर्थ लावणारा कोड) लिहायला घेण्याआधी कागदावर तक्ता करा, ओळींत कमांड आणि रकान्यांत अक्षरं. एका रकान्यात दोन अर्थ आले की त्यातल्या एकाचं अक्षर काढून घ्या आणि त्याला फक्त लांब नाव ठेवा.

मला याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. जे वारंवार लागतं त्याला अक्षर द्यावं, हे सगळेच सांगतात. ते काम उलटवता येतं का, हेही तितकंच बघायला हवं. 'गिट पुश -एफ', म्हणजे जबरदस्तीने ढकलणं, रिमोटवरचे (सामायिक सर्व्हरवरचे) दुसऱ्याचे कमिट पुसून टाकू शकतं, आणि त्याला एक अक्षर पुरतं. रिमोटवरची ब्रँच (कामाची शाखा) आपण शेवटची पाहिली तिथेच आहे ना, हे तपासूनच ढकलणारं --फोर्स-विथ-लीज 2013 मध्ये, 1.8.5 या आवृत्तीत आलं. त्याला एकअक्षरी रूप नाही. रात्री उशिरा घाईत असलेला माणूस दोन्हींपैकी काय टाइप करील? तसंच 'गिट ब्रँच'चं. लहान -डी ब्रँच मर्ज झाली (दुसऱ्या शाखेत मिसळली) आहे का ते पाहतो, मोठा -डी काही न पाहता उडवतो, आणि मध्ये फक्त शिफ्टची कळ. तुमच्या टूलमध्ये सुरक्षित रूपाला अक्षर द्या, धोक्याचं पूर्ण लिहायला लावा. लोक कुरकुर करतील, करू द्या.

नावाची सुरुवात ओळखून कमांड चालवायची का? मर्क्युरियल या दुसऱ्या टूलमध्ये इतर कमांडशी गल्लत होणार नाही इतकी अक्षरं दिली तरी भागतं, आणि हाताला ते फार सुखाचं वाटतं. पण एकदा मी टीमसाठी लिहिलेल्या टूलमध्ये हीच सोय ठेवली होती. एकाने रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये 'रेस्टोअर'ऐवजी नुसतं 'रेस्ट' लिहिलं. पुढे मी 'रेस्टॅक' नावाची नवी कमांड जोडली आणि त्या रात्री स्क्रिप्ट 'नाव संदिग्ध आहे' म्हणून थांबली. चूक त्याची नव्हती, मीच ते चालू दिलं होतं. तेव्हापासून मला सबव्हर्जन या जुन्या टूलची रीत पटते: कमिटला सीआय, चेकआउटला सीओ, अशी मोजकी ठरलेली छोटी नावं. सुरुवात ओळखायचीच असेल तर समोर टर्मिनल असेल तेव्हाच ओळखा, स्क्रिप्टमधून आलेली नाकारा.

फ्लॅग जोडून लिहू देणार असाल तर क्रमाची चाचणी नक्की लिहा. 'गिट कमिट -एएम' नीट चालतं. उलटं -एमए लिहिलं की 'ए' हाच मेसेज ठरतो आणि तुमचा खरा मेसेज फाइलचं नाव समजून शोधला जातो.

आयडीची, म्हणजे प्रत्येक कमिटला मिळणाऱ्या ओळखखुणेची, छोटी रूपंही याच कामात धरा. जुजुत्सु या नव्या टूलने इथे सुरेख तोड काढली आहे. कमिट आयडी नेहमीच्या हेक्समध्ये, म्हणजे 0 ते 9 आणि ए ते एफ. चेंज आयडी (कमिट सुधारलं तरी तोच राहणारा) मात्र के ते झेड या अक्षरांत. त्यामुळे दोन अक्षरं टाइप केली तरी ती कोणत्या प्रकारच्या आयडीची, याची गल्लत होतच नाही, आणि लॉगमध्ये किती अक्षरं पुरतील तेवढा भाग उठून दिसतो. तुमच्याकडेही दोन तऱ्हांचे आयडी असतील तर हे पहिल्या आवृत्तीतच करा. लोकांच्या नोंदींमध्ये आणि स्क्रिप्टमध्ये जुने आयडी एकदा गेले की अक्षरं बदलणं फार जड जातं.