झुलत्या दारांचं सलून आणि एका रात्रीची भूत-तपासणी : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या लहान गावांत 'इथे भूत आहे' अशी ख्याती असलेली जुनी सलून्स बरीच आहेत. त्यांच्या तपासणीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. (दोघांनी विचारलंय म्हणून : हे सलून म्हणजे केस कापायचं दुकान नव्हे. खाणकामगार, गुराखी आणि जुगारी जिथे बसत तो दारूचा गुत्ता.)

प्रश्न : नेवाडातल्या एका गावातलं जुनं दुमजली लाकडी सलून आम्हा चौघांना एका रात्रीसाठी मिळतंय. मालक चार गोष्टी सांगतात. वरच्या रिकाम्या मजल्यावर पावलं वाजतात, झुलती दारं आपोआप हलतात, काउंटरवरचा ग्लास सरकतो आणि मागच्या मोठ्या आरशाजवळ चुंबकीय क्षेत्र दाखवणाऱ्या मीटरचे दिवे पेटतात. सुरुवात किती वाजता करावी?

उत्तर : दुपारी तीनला. रात्रीचं काम उरतं ते थोडंच, खरी तपासणी उजेडात होते.

आधी मालकाची लेखी परवानगी घ्या. त्यात वेळ, कुठल्या खोल्या उघडायच्या आणि विजेचे ब्रेकर बंद करायला मुभा आहे का, हे स्पष्ट असू द्या. मग आलेखाच्या कागदावर दोन्ही मजल्यांचा आणि तळघराचा नकाशा काढा. त्यावर आवाज किंवा हालचाल करणारी प्रत्येक वस्तू मांडा : बिअरचा कूलर, बर्फाचं मशीन, निऑन पाटीचा ट्रान्सफॉर्मर, स्वच्छतागृहातला पंखा, हीटर, पाण्याचे नळ. ही यंत्रं सारखी चालत नाहीत, मधूनमधून सुरू होतात. तेव्हा कूलरचा कॉम्प्रेसर किती मिनिटांनी लागतो आणि किती मिनिटं चालतो ते तासभर घड्याळ लावून लिहा. रात्री दोन वाजता जी 'घरघर' ऐकू येते, तिची वेळ बहुधा या तक्त्यात सापडते.

चौघांपैकी एकाला गोष्टी अजिबात सांगू नका. त्याला कोरा नकाशा देऊन आत फिरवा आणि जिथे काही जाणवलं तिथे खूण करायला सांगा. ज्यांना गोष्टी माहीत आहेत त्यांच्या खुणा नेमक्या गोष्टीतल्या जागांवरच पडतात, म्हणून त्यांचा नकाशा वेगळा ठेवायचा.

रात्री दोघं आत, दोघं बाहेरच्या खोलीत नोंदवहीपाशी. चाळीस मिनिटांची फेरी, पंधरा मिनिटांची सुट्टी. निदान एक फेरी अशी ठेवा की आत कुणीच नाही, दारांना कुलूप आणि फक्त यंत्रं चालू. ही फेरी सगळे टाळतात, कारण तिच्यात मजा नसते. माणसं असतानाच्या फेरीची तुलना मात्र हिच्याशीच करता येते.

प्रश्न : पावलांचा आवाज कसा तपासायचा? वर कुणी नसतं हे तर नक्की.

उत्तर : वर कुणी नसलं तरी आवाज वरूनच आला असं ठरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लाकडी इमारती बऱ्याचदा अशा बांधत, की भिंतीतले उभे वासे पायापासून छतापर्यंत सलग जात आणि त्यांमधली जागा पोकळच राहत असे. अशी पोकळी तळघरातला आवाज थेट वरच्या मजल्यापर्यंत नेते. त्यात उंदीर पळाला तरी खाली बसलेल्याला वाटतं, कुणी चाललंय.

दुसरं कारण थंडीचं. नेवाडाच्या उंच वाळवंटी भागात सूर्य मावळल्यावर पारा झपाट्याने उतरतो. फळ्या, खिळे आणि छताला ठोकलेले पत्र्याचे नक्षीदार चौकोन वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि अडकलेला जोड सुटला की 'टक' वाजतं. असे जोड एकामागून एक सुटले तर चालण्याचा ठेका तयार होतो. म्हणून प्रत्येक आवाजासोबत तापमान लिहा. दर मिनिटाला आपोआप नोंद करणारे छोटे तापमान-नोंदक मिळतात. एक वर, एक खाली आणि एक बाहेर ठेवा. आवाजांची गर्दी संध्याकाळच्या उताराच्या वेळी होते आणि पहाटेकडे, पारा स्थिरावला की विरळ होते का, ते तक्त्यात दिसेल.

तिसरी चाचणी सोपी आहे. एकाने ठरलेल्या वेळी वरच्या मजल्यावर खरोखर चालायचं, खालच्यांनी पाठ फिरवून आवाज कुठून आला ते नकाशावर मांडायचं. दहादा करा. जिन्याजवळ चाललेला माणूस खालच्यांना आरशामागे ऐकू आला, तर भिंत आवाज कुठून कुठे नेते ते तिथेच कळलं.

या गावांतला मुख्य रस्ता बऱ्याचदा महामार्गच असतो, तेव्हा ट्रक गेल्याची वेळही टिपा.

प्रश्न : दारं आणि ग्लास?

उत्तर : झुलत्या दारांच्या बिजागऱ्या दोन्ही बाजूंना वळतात, आणि दार मधोमध थांबणं हे चौकटीच्या सरळपणावर अवलंबून असतं. ओळंबा धरून पाहा. शतकभर जुनी चौकट थोडी जरी कलली असेल, तर दार एका बाजूला झुकूनच उभं राहतं आणि हवेच्या हलक्या धक्क्याने हलतं. तो धक्का कुठून येतो ते शोधायला टिश्यू पेपरच्या बोटभर रुंद पट्ट्या दारावर, जिन्याच्या तोंडाशी आणि तळघराच्या फटीवर चिकटवा. मग एकेक गोष्ट बदला : स्वच्छतागृहाचा पंखा चालू, बंद, वरची खिडकी उघडी, मिटलेली, मागचं दार जोराने लावून. पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा दारातून आत शिरते. बऱ्याच ठिकाणी हा पंखा दिव्याच्याच बटणावर असतो. कुणी स्वच्छतागृहात गेलं की इकडे दार डुललं, आणि दोन्हींचा संबंध कुणाच्याच ध्यानात येत नाही.

ग्लासची गंमत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. गरम पाण्यात धुतलेला ग्लास ओल्या, गुळगुळीत काउंटरवर उपडा ठेवला की आत कोंडलेली हवा तापून फुगते. कडेखालच्या पाण्याच्या पातळ थरामुळे तिला निसटायला वाट मिळत नाही, ती ग्लासाला अगदी केसभर उचलते आणि घर्षण जवळपास संपतं. काउंटरला डोळ्यांना न दिसणारा उतार असला तरी ग्लास तिकडे निघतो, कधी वीतभर जाऊन थांबतो. काउंटरवर दर दोन फुटांवर स्पिरिट लेव्हल ठेवून उताराचे बाण काढा. मग तोच ग्लास गरम-ओला, गार-ओला आणि कोरडा असा प्रत्येकी दहा वेळा ठेवा. फक्त गरम-ओलाच सरकला तर उत्तर मिळालं. कोरडा, सरळ ठेवलेला, खोलीच्या तापमानाचा ग्लास चढाच्या दिशेने सरकला आणि ते दोन कॅमेऱ्यांत आलं, तर ती नोंद जपून ठेवण्यासारखी.

प्रश्न : आमच्याकडे पाच दिव्यांचा के-टू मीटर आहे. आरशाजवळ तो थेट लाल होतो.

उत्तर : हा मीटर बदलतं चुंबकीय क्षेत्र दाखवतो, म्हणजे मुख्यतः विजेच्या तारांचं. पहिला हिरवा दिवा दीड मिलिगॉसपर्यंत (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), शेवटचा लाल वीसच्या वर. तो एकाच अक्षावर मोजतो, त्यामुळे हातात नुसता फिरवला तरी आकडा बदलतो. जमिनीवर किंवा लाकडी तिपाईवर ठेवा, तीन दिशांना वळवून तिन्ही आकडे लिहा.

जुन्या सलूनात एक खास भानगड असते. १९४० च्या आधीच्या वायरिंगमध्ये जाणारी आणि परतणारी तार चिनी मातीच्या गुंड्यांवरून एकमेकींपासून दूर नेलेली असे. आजच्या केबलमध्ये दोन्ही तारा शेजारी असल्याने त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळपास पुसून टाकतात, जुन्या पद्धतीत ती पुसली जात नाहीत. त्यामुळे कोऱ्या भिंतीपाशीही मीटर पेटतो. त्यात आरशावर निऑनची पाटी आणि काउंटरखाली कूलर असेल तर विचारायलाच नको. ब्रेकर एकेक करून पाडा आणि प्रत्येकानंतर आकडा लिहा. ज्या ब्रेकरला लाल विझला, त्याच्या तारेचा माग काढा.

मोबाइल आणि वॉकीटॉकी याच मीटरला चाळवतात. सगळे फोन विमान मोडवर टाकून बाहेर ठेवा, खिशात नको. बटण सैल झालेला मीटर अंगठ्याचा दाब कमीजास्त झाला तरी लुकलुकतो.

प्रश्न : उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात काउंटरमागे माणसाची आकृती आली!

उत्तर : हात हलवून पाहा. आकृतीने हलवला तर ते तुम्हीच. हा कॅमेरा ज्या लांबीचे अवरक्त (उष्णतेचे) किरण पाहतो, त्यांना काच आरपार जाऊ देत नाही आणि बऱ्यापैकी परत फेकते; काउंटरच्या पायथ्याशी पाय टेकवायला लावलेली पितळेची पट्टीही तेच करते. आरसा चादरीने झाकून पुन्हा चित्र घ्या. खुर्चीवरून कुणी नुकतं उठलं असेल तर त्याची ऊब लाकडावर काही मिनिटं राहते, तीही 'बसलेली आकृती' होते.

लाल ठिपक्याच्या पिस्तुली तापमापकाने हवेतला 'थंड डाग' शोधू नका. तो पृष्ठभागाचं तापमान मोजतो. बारास एक प्रमाणाच्या उपकरणात बारा फुटांवर फूटभर रुंद वर्तुळाची सरासरी येते, ठिपका फक्त नेम धरायला असतो.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये 'गेट आउट' ऐकू येतं. ज्या पाच जणांना ऐकवलं, त्या सगळ्यांना ऐकू आलं.

उत्तर : काय ऐकू येणार ते आधी सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर पाच साक्षीदार म्हणजे एकच. १९५९ साली स्वीडनमध्ये फ्रीडरिश युर्गेन्सन पक्ष्यांचे आवाज टिपत असताना त्याला टेपवर माणसाचे आवाज जाणवले, तेव्हापासून रेकॉर्डिंगमध्ये भुतांचे आवाज शोधायचा हा प्रकार चालू आहे, आणि अडचणही तेव्हापासून तीच.

दोन रेकॉर्डर, वेगवेगळ्या कोपऱ्यांत, हातात नव्हे. फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ. आवाज आला की आपोआप सुरू होणारी सोय बंद, कारण ती शब्दाचा पहिला तुकडा खाते आणि उरलेल्या तुकड्याचा भलताच शब्द होतो. आपोआप आवाज वाढवणारी सोयही बंद, नाहीतर शांततेत खरखर फुगते आणि मेंदू तिच्यातून बोलणं काढतो. सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवा. दोन्ही फाइली तिच्यावर जुळवता येतात आणि घड्याळं किती सरकली तेही कळतं. कुजबुजायचं नाही. पोट गुरगुरलं, खुर्ची वाजली, तर तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचं.

मग संशयाचा तुकडा, साध्या खरखरीच्या चार-पाच तुकड्यांसह मिसळून, जागेची माहिती नसलेल्यांना एकेकट्याला ऐकवा आणि काय ऐकलं ते लिहून घ्या.

भुतांशी बोलायला म्हणून वापरतात तो, रेडिओची स्टेशनं भराभर सरकवणारा डबा मात्र घरीच ठेवा. रात्री मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवरून येतात. त्यात शब्द सापडणारच.

प्रश्न : तळघरात गेलं की डोकं जड होतं, मागे कुणी उभं आहे असं वाटतं.

उत्तर : आधी बाहेर या. १९२१ साली विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकिगत छापली होती : पावलं, सावल्या, छातीवर दडपण. कारण निघालं बिघडलेली भट्टी आणि घरात पसरणारा कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू. आकडा दाखवणारं उपकरण न्या. घरगुती अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू) एक ते चार तासांनी वाजतो, तोवर डोकं दुखून गेलेलं असतं.

पंख्याचा ऐकू न येणारा घुमारा हेही एक कारण सांगतात. १९९८ साली व्हिक टँडी या अभियंत्याने कॉव्हेंट्रीतल्या प्रयोगशाळेतली 'आकृती' १९ हर्ट्झच्या आसपासच्या अशा लहरीशी जोडली. पण २००९ साली लंडनच्या संशोधकांनी मुद्दाम 'झपाटलेली' खोली बांधली, तेव्हा लोकांना आलेले अनुभव लहरी चालू होत्या की बंद यावर अवलंबून नव्हते. तेव्हा पंखा बंद करून पाहा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

तळघरात उंदरांच्या लेंड्या असतील तर झाडू लावू नका, व्हॅक्यूमही नको. या भागातल्या हरिण-उंदरांच्या विष्ठेतून जीवघेणा ठरू शकणारा हंता विषाणू धुळीबरोबर श्वासात जातो. १९९३ साली ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो आणि युटा जिथे मिळतात त्या भागात त्याची मोठी साथ आली होती. अर्धा तास दारं उघडी ठेवा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग हातमोजे घालून कागदाने पुसून घ्या. तोंडावर एन-९५ मास्क असावा.

प्रश्न : 'इथे जुगाऱ्याला गोळी घातली' ही गोष्ट खरी का, हे कसं कळेल?

उत्तर : आधी इमारत तीच आहे का ते पाहा. ही गावं वारंवार जळाली. आजच्या साउथ डकोटातल्या डेडवुड गावात २ ऑगस्ट १८७६ रोजी वाइल्ड बिल हिकॉक हा नामांकित बंदूकबाज जुगारी मारला गेला ते सलून १८७९ च्या आगीत गेलं. आज त्या आठवणीचं सलून दुसऱ्याच जागी आहे. आगविमा कंपन्यांसाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पाहता येतात. प्रमाण इंचाला पन्नास फूट, पिवळा रंग लाकडाचा, गुलाबी विटांचा, आणि सलूनवर तसं संक्षेपाने लिहिलेलं. लागोपाठच्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की जिना कुठे होता, भिंत कधी सरकली ते दिसतं. मृत्यूसाठी त्या आठवड्याचं वर्तमानपत्र आणि काउंटी न्यायालयातली मृत्यूच्या चौकशीची कागदपत्रं पाहा. १८९० च्या जनगणनेच्या भरवशावर राहू नका, तिची बहुतेक पानं १९२१ च्या आगीनंतर उरली नाहीत. १८८० आणि १९०० च्या मधला माणूस त्यामुळे सहज निसटतो.

प्रश्न : फोटोंत पांढरे गोल दिसतात.

उत्तर : धूळ. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला खेटून असतो, त्यामुळे अगदी जवळचा कण धूसर पण उजळ दिसतो. खुर्चीची गादी एकदा थोपटा, त्याच जागेवरून फ्लॅश लावून एक फोटो काढा आणि फ्लॅश बंद करून तिपाईवरून दुसरा.