छोट्या डिझाइन स्टुडिओचा आरोग्य विमा: आधी ईएसआय, मग ग्रुप पॉलिसी

आधी डोकी मोजा. १० माणसं झाली की ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा या सरकारी योजनेची, नोंदणी करावी लागते. मोजताना जास्त पगाराचे सीनियर डिझायनरही धरायचे, वर्गणी मात्र दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांचीच कापायची. मालकाचे ३.२५ टक्के, कर्मचाऱ्याचे ०.७५, भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. घोळ होतो तो पगारवाढीत. एप्रिल-सप्टेंबर या वर्गणीच्या सहामाहीत मध्येच पगार २१,००० च्या वर गेला तरी सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालूच ठेवायची. पुढे माणसं कमी झाली म्हणून सुटका होत नाही.

२१,००० च्या वरच्या बाकीच्यांसाठी ग्रुप पॉलिसी, म्हणजे स्टुडिओने सगळ्यांचा मिळून घेतलेला आरोग्य विमा. ती साधारण ७ जणांपासून मिळते. प्रीमियमआधी खोलीभाड्याची मर्यादा वाचा, खरी मेख तिथेच असते. ३ लाखांच्या विम्यावर १ टक्का मर्यादा म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. पेशंट ६,००० च्या खोलीत राहिला, तर फक्त भाडंच नाही, डॉक्टर आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा कापला जाऊ शकतो. म्हणून विम्याची रक्कम थोडी कमी चालेल, पण खोलीवर मर्यादा नको. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले आहेत ना, हेही लेखी घ्या.

नवा माणूस रुजू झाला की त्याच महिन्यात नाव कळवा. यादीत नाव नसेल तर क्लेम नाही. फ्रीलान्सर मुलांना यात घुसवू नका, ते कर्मचारी नाहीत. नोकरी सोडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, हे त्याला शेवटच्या दिवसाआधी सांगा.