कडी, दिवा आणि दाराशी बसलेली ताई

प्रिय,

बायकांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाची जबाबदारी तुझ्याकडे आली आणि लगेच प्रश्नही आला: ट्रान्स स्त्रिया (जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या, पण स्त्री म्हणून जगणाऱ्या) आत आल्या तर बाकीच्यांच्या सुरक्षेचं काय? विचारणाऱ्या बाईला गप्प करू नकोस. नेमकी कशाची भीती वाटते, ते तिच्याकडून काढून घे. फटीतून कोणी बघेल, पार्टिशनवरून मोबाइल येईल, कडी नीट लागत नाही, रात्री बोळात कोणी उभं असतं. ही भीती खरी आहे आणि तिच्यावरचा बराचसा उपाय बांधकामात आहे.

पार्टिशन छतापर्यंत ने. मग प्रत्येक शौचकूपात स्वतंत्र दिवा आणि वर हवेची जाळी लागेलच. मधल्या एकाच ट्यूबलाइटवर भागवलंस तर आत अंधार होतो आणि बायका दार किलकिलं ठेवतात. दार बाहेर उघडणारं हवं. आत कोणी चक्कर येऊन पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं. कडी बाहेरून नाणं घालून फिरवता येईल अशी घे. पीव्हीसीच्या दारात नुसते स्क्रू मारले की काही दिवसांत कडी लोंबायला लागते, म्हणून आरपार नटबोल्ट लाव. पिशवी आणि ओढणीसाठी हूक, पॅडसाठी झाकणाचा डबा. हात धुवायची जागा रस्त्यावरून दिसेल अशी ठेव. कॅमेरा फक्त बाहेरच्या वाटेवर, आत कुठेही नाही.

आता दाराशी बसणाऱ्या ताईंबद्दल. तोंड बघून आत सोडायचं काम त्यांना कधीही देऊ नकोस. तसं केलं की आधी अडवल्या जातात त्या उंच, केस कापलेल्या, हार्मोनच्या त्रासाने ओठावर लव आलेल्या बायका. आणि ट्रान्स स्त्रीला पुरुषांकडे पाठवलं तर तिथे तिची छेड निघते, मारहाणही होते. मग ती दिवसभर पाणी पीत नाही, लघवी दाबून धरते, जळजळ सुरू होते. ताईंनी बघायचं ते वागणं: कोणी डोकावतंय का, मोबाइल वर धरतंय का, काम झाल्यावरही घुटमळतंय का. असं करणारी व्यक्ती कोणीही असो, बाहेर काढायची, ११२ ला फोन करायचा, वहीत तारीख, वेळ आणि काय केलं ते लिहायचं. चोरून बघणं किंवा चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. साडी नेसून कोणी पुरुष शिरलाच, तरी त्याला पकडायची वाट हीच.

कायद्याचंही माहीत असू दे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात तृतीयपंथीयांसाठी वेगळ्या स्वच्छतागृहांची सोय करायला सांगितलं. स्वच्छ भारत अभियानाच्या २०१७ च्या सूचनांनी स्त्रियांचं किंवा पुरुषांचं, हवं ते वापरायची मुभा दिली. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम १८ ने सार्वजनिक जागा वापरू न देण्याला ६ महिने ते २ वर्षं शिक्षा ठरवली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२५ च्या निकालाचे फॉरवर्ड तुला कोणी दाखवतील. तो तिथल्या २०१० च्या समानता कायद्यातल्या ‘स्त्री’ या शब्दाच्या अर्थाबद्दल आहे, आपल्याकडे लागू नाही.

शेजारी एक स्वतंत्र, सर्वांसाठीचा शौचकूप जरूर बांध. मुलीला घेऊन आलेला बाप, आजोबांना धरून आणणारी सून, ज्या ट्रान्स स्त्रीला तिथेच बरं वाटतं ती, सगळ्यांच्या उपयोगी पडतो. पण त्यावर ‘तृतीयपंथी’ अशी पाटी लावू नकोस आणि कोणाला तिकडे ढकलूही नकोस. पाटी लागली की माणूस उघडं पडतं, मग तिथे कोणी जात नाही आणि आत झाडू-बादल्या भरल्या जातात.

न्हाणीघर किंवा निवारागृह असेल तर मात्र जास्त जपून. उघड्या हॉलमध्ये कपडे बदलायला लावलंस तर सगळ्याच बायका अवघडतात. तिथे एकेकीला कडी लागणारी खोली दे, ते जमत नसेल तर निदान जमिनीपर्यंत येणारा जाड पडदा.

ताबा घेण्याआधी रात्री साडेनऊला एकदा जा. प्रत्येक शौचकूपात शिर, कडी लाव, बाहेरून कोणाला तरी दार ओढायला सांग.

तुझा हितचिंतक