को-पायलट म्हणून पहाटेच्या ड्युट्या लागल्यात ना? मग हे ऐक

ड्युट्यांचा रोस्टर नियमात बसतो म्हणजे तू ताजातवाना आहेस, असं समजू नकोस. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या नियामकाने, पायलटांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली, चांगलंच झालं. पण हॉटेलात पडदे ओढून दुपारी दोनला झोप लागेलच, याची हमी कोण देणार?

खरी कसोटी पहाटे २ ते ६. तेव्हा शरीराची लय तळाला असते. रेडिओवरचा कॉल कानावर पडतो, पण डोक्यात शिरत नाही. एकच फ्रिक्वेन्सी दोनदा विचारावी लागते. असं झालं की शेजारच्याला सरळ सांग, 'सर, मी थकलोय.' त्यात कसली लाज?

मंगळूरच्या विमान अपघाताचा अहवाल मुळातून वाच. २२ मे २०१०, दुबईहून आलेलं विमान, १५८ मृत्यू. व्हॉइस रेकॉर्डरवर कॅप्टनचं घोरणं आहे. झोपेतून उठल्यावरची गुंगी निर्णय बिघडवू शकते, हे तिथे नोंदलंय. विमान उंच येत होतं, फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, 'गो अराउंड' (उतरणं सोडून पुन्हा वर चला) म्हणाला, तरी लँडिंग झालं. तूही त्याच उजव्या सीटवर बसणार आहेस. तेव्हा 'गो अराउंड' पुटपुटायचं नाही, ठणकावून म्हणायचं.

कॉकपिटमधल्या डुलकीला कंपनीच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल, तरच आणि ठरवूनच घे. केबिन क्रूला आधी कळव. उठल्यावर वीसेक मिनिटं कंट्रोल्सना हात लावू नकोस.

कॉफी घे, पण परतीच्या उड्डाणात नको. नाहीतर घरी जाऊन छताकडे बघत पडशील. आणि फटीग रिपोर्ट, म्हणजे थकव्याची नोंद, लिहायला रोस्टरवाल्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघून कचरू नकोस.