ड्रंक ड्राईव्हची केस झाली म्हणून गाडीचा इन्शुरन्स महाग होतो का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही विषय कळेल. तुम्ही साताऱ्याचे, गाडी पाच वर्षांची, ११९७ सीसीची पेट्रोल, एमएच ११ पासिंग, आजवर एकही क्लेम नाही. पावसाळ्यात मित्रांबरोबर कासला गेला होता, येताना यवतेश्वर घाट उतरल्यावर नाकाबंदीत अडवलं, मशीनमध्ये ८४ आलं, अपघात वगैरे काही नाही. कोर्टात गुन्हा कबूल केला, दहा हजार दंड भरला, मागोमाग आरटीओने तीन महिन्यांसाठी लायसन्स सस्पेंड केलं, आणि या सगळ्या धावपळीत गाडीची पॉलिसी संपून महिना उलटला. आता ओळखीचा एजंट म्हणतोय की तुमच्यावर शिक्षेचा रेकॉर्ड आलाय, कुठलीच कंपनी घेणार नाही, मी करून देतो पण नेहमीच्या प्रीमियमवर पंधरा हजार जादा, तेही रोख, नाहीतर गाडी बायकोच्या नावावर करा. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो की प्रीमियम डबल होणारच, तिकडे सगळ्यांचा होतो. आणि आईला दर आठवड्याला कराडला दवाखान्यात न्यायचं असतं त्यामुळे गाडी नुसती उभी ठेवूनही चालत नाही.

पहिलं सांगतो, घाबरू नका आणि एजंटला एक रुपया रोख देऊ नका.

मावसभाऊ खोटं बोलत नाहीये पण तो त्याच्या इथलं सांगतोय. अमेरिकेत दारू पिऊन चालवल्याची शिक्षा झाली की बऱ्याच राज्यांत इन्शुरन्स कंपनीला एसआर-२२ नावाचा फॉर्म सरकारकडे भरावा लागतो, की या माणसाचा इन्शुरन्स चालू आहे, आणि तो माणूस धोक्याचा धरून त्याचा प्रीमियम वाढवतात. आपल्याकडे असा फॉर्मच नाही. आपल्याकडे इन्शुरन्स मुळात गाडीचा असतो, ड्रायव्हरच्या रेकॉर्डवर त्याचा दर ठरत नाही. ट्रॅफिकचे गुन्हे प्रीमियमला जोडावेत अशी शिफारस आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, एका वर्किंग ग्रुपने २०२१ मध्ये केली होती, बहुतेक तेच कुठेतरी ऐकून एजंट लोक 'रेकॉर्ड आलाय' म्हणतात. पण शिफारस म्हणजे नियम नव्हे.

तुमच्या प्रीमियमचे दोन भाग आहेत. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा, आणि त्याचा दर केंद्र सरकार ठरवतं, कंपनी नाही. १००० ते १५०० सीसीच्या प्रायव्हेट कारला जून २०२२ च्या नोटिफिकेशनने तो ३,४१६ रुपये ठरला, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की साधारण ४,०३१ होतात. यात कुणालाही तुमच्या केसच्या नावाने एक रुपया वाढवायचा अधिकार नाही, आणि थर्ड पार्टी कव्हर कायद्याने सक्तीचं असल्यामुळे 'कुठलीच कंपनी देणार नाही' ही निव्वळ भीती घालण्याची भाषा आहे. दुसरा भाग ओन डॅमेजचा, म्हणजे तुमच्याच गाडीच्या नुकसानीचा. इथे कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक आहे म्हणून कोटेशनमध्ये फरक पडतो, पण तो ठरतो गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची आजची किंमत), वय, सीसी आणि पासिंग कुठलं यावर. पुणे-मुंबई झोन ए मध्ये येतात, सातारा-सांगली झोन बी मध्ये, म्हणजे एमएच ११ ला उलट थोडं स्वस्तच पडतं.

एजंटकडून कोटेशनचा कागद मागा आणि एकेक ओळ वाचा. ओन डॅमेज किती, त्यातून नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, किती वजा केलाय, थर्ड पार्टी किती, मालक-चालकाचा पर्सनल अॅक्सिडेंट किती, जीएसटी किती. त्या कागदावर 'शिक्षा झाल्याबद्दल लोडिंग', म्हणजे जादा आकार, अशी ओळ दिसली तर ती कंपनीच्या लेटरहेडवर लेखी मागा. पंधरा हजार रोख ही ओळ कुठल्याच कागदावर सापडणार नाही. उलट मला काळजी दुसरीच आहे, असं 'करून देतो' म्हणत रोख घेणाऱ्यांकडून बनावट पॉलिसी गळ्यात पडायचीही भीती असते, दिसायला हुबेहूब, आणि कळतं ते अपघात झाल्यावर. पॉलिसी कुठूनही घ्या पण पैसे थेट कंपनीच्या खात्यात भरा आणि एक-दोन दिवसांनी एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून इन्शुरन्सची तारीख आली का ते बघा.

तुमच्या खिशाला खरा चटका दंडाने किंवा केसने बसणार नाहीये, तो बसणार आहे संपलेल्या पॉलिसीने. पाच वर्षं क्लेम नाही म्हणजे तुम्हाला ५० टक्के नो क्लेम बोनस आहे. हा बोनस क्लेम घेतल्यावर जातो, शिक्षा झाल्यावर जात नाही. पण पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत रिन्यू केली नाही तर सगळा जातो आणि शून्यापासून सुरुवात. समजा ओन डॅमेज नऊ हजार निघालं तर तुमचे साडेचार हजार दरवर्षी वाचतायत ते याच बोनसमुळे. महिना गेलाय, अजून दोन महिने आहेत, पण तेवढे थांबू नका, याच आठवड्यात करून टाका. पॉलिसी खंडित झालेली असल्यामुळे कंपनी आधी गाडीचं इन्स्पेक्शन मागेल, ते बहुतेक ठिकाणी मोबाईलवर व्हिडिओ काढून होतं, गाडी रस्त्यावर काढायची गरज नाही आणि काढूही नका. विनाइन्शुरन्स गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली (पुढची कलमंही याच कायद्याची) पहिल्या वेळी दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पण खरं भय दंडाचं नाही. पॉलिसी नसताना कुणाला धडक बसली तर मोटार अपघात न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती मालकाने भरायची, आणि नाही भरली तर कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. ज्याच्या घरी शेतजमीन आहे त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

गाडी बायकोच्या नावावर करायचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर जात नाही. नावावर केली की वहिनींना शून्य बोनसपासून सुरुवात, तुमचा ५० टक्के फारतर तुमच्या पुढच्या गाडीसाठी लेटर घेऊन तीन वर्षांपर्यंत राखता येतो. वर ट्रान्सफरचा खर्च, आरटीओच्या चकरा, आणि १४ दिवसांत पॉलिसीवर नाव बदलायचं. एवढं करून मिळणार काय, तर काहीच नाही, कारण केसमुळे दर वाढलेलाच नव्हता.

वहिनींकडे लायसन्स आहे असं तुम्ही लिहिलंय, मग मार्ग सरळ आहे. गाडी तुमच्याच नावावर राहू दे, पॉलिसी रिन्यू झाली की तीन महिने गाडी वहिनींनी चालवावी. वैध लायसन्स असलेल्या कुणीही मालकाच्या संमतीने चालवली तर कव्हर चालू असतं. तुम्ही मात्र या काळात स्टेअरिंगला हात लावू नका, अगदी घरापासून पोवई नाक्यापर्यंतसुद्धा नाही. सस्पेन्शन चालू असताना चालवलं तर कलम १८२ खाली दहा हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि त्यात अपघात झाला तर कंपनी हात वर करेल. पर्सनल अॅक्सिडेंट कव्हरसाठीही मालकाकडे चालू लायसन्स लागतं, तेव्हा कंपनीला ते सस्पेंड आहे हे सरळ सांगा आणि लायसन्स परत मिळालं की ते कव्हर लगेच घ्या.

पुढे काही वर्षं गाडी मुख्यतः कराडच्या फेऱ्यांनाच वापरणार असाल तर अजून थोडे पैसे वाचू शकतात. जाऊन येऊन शंभर किलोमीटर धरले तरी वर्षाला पाच-सव्वापाच हजारच होतात. आयआरडीएआयने २०२२ मध्ये किलोमीटरवर आधारलेल्या अॅड-ऑनला परवानगी दिली, कमी चालणाऱ्या गाडीला ओन डॅमेजमध्ये त्याने सूट मिळते, फक्त ठरलेले किलोमीटर संपले की काय होतं ते आधी विचारा. व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणजे क्लेमच्या वेळी ठरलेली रक्कम मी भरेन अशी तयारी दाखवली तरी प्रीमियम उतरतो. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टच्या किमतीतून घसारा न कापण्याचं अॅड-ऑन, काढलं तरी उतरतो पण गाडी अजून पाचच वर्षांची आहे, मी तरी ते ठेवेन. नुसतं थर्ड पार्टी घेतलं तर सगळ्यात स्वस्त, पण मग स्वतःच्या गाडीला काही झालं तर खर्च तुमचा. दोन-तीन कंपन्यांची कोटेशन्स स्वतः वेबसाईटवरून काढा, सरकारी कंपन्यांचीही बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

फॉर्म भरताना एक पाळा, विचारलेलं खरं लिहा. फॉर्ममध्ये मागच्या क्लेमबद्दल विचारतील, काहींमध्ये शिक्षेबद्दलही प्रश्न असू शकतो, तो असेल तर हो लिहा. न विचारलेलं लिहायची गरज नाही. इन्शुरन्सचा करार विश्वासावर चालतो, आज खोटं लिहून चार पैसे वाचले तरी उद्या क्लेमच्या वेळी कंपनी तोच फॉर्म पुढे ठेवते आणि मग आमच्यासारख्यांनाही तुमच्या बाजूने बोलायला जागा उरत नाही. खरं लिहूनही कंपनीने नकार दिला किंवा कारण न देता पैसे वाढवले तर लेखी तक्रार द्या, आयआरडीएआयच्या विमा भरोसा या तक्रार पोर्टलवर टाका, महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, सातारा-सांगली त्यांच्याकडेच येतं, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

झालेल्या केसबद्दल तुम्ही विचारलंय की आता ती 'काढून टाकता' येईल का. गुन्हा कबूल केल्यावर अपील फक्त शिक्षा किती किंवा कायदेशीर आहे का एवढ्यापुरतंच राहतं, आणि पहिल्या गुन्ह्याला कलम १८५ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही असताना तुम्हाला फक्त दंड झालाय, मी असतो तर तिथे हात घातला नसता. मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमची, तुमचं ८४ आलेलं, तेव्हा मुद्दाही फारसा नव्हता. आरटीओच्या सस्पेन्शनवर ऑर्डर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, पण सुप्रीम कोर्टाच्या रोड सेफ्टी कमिटीने २०१५ मध्येच अशा केसमध्ये किमान तीन महिने सस्पेन्शन करा असं सगळ्या राज्यांना सांगितलंय, त्यामुळे त्यात पैसे घालवू नका. लायसन्स परत घेताना रिफ्रेशर ट्रेनिंग कोर्सचं सर्टिफिकेट लागतं का ते आत्ताच आरटीओत विचारा, कलम १९ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने ती अट घातलीय आणि शेवटच्या आठवड्यात धावाधाव नको.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. मागची शिक्षा पुढच्या क्लेमच्या आड येत नाही, पण अपघाताच्या वेळी चालवणारा प्यालेला असेल तर ओन डॅमेजचा क्लेम गेलाच समजा. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या केसमध्ये, दिल्लीतल्या एका पोर्शे गाडीच्या अपघातात, सांगितलंय की शिक्षा झालेली नसली, रक्ताचा रिपोर्ट नसला तरी इतर परिस्थितीवरून कंपनी दारूचं कारण दाखवू शकते. एप्रिल २०२२ पासून कलम १५० मध्ये थर्ड पार्टीच्या दाव्यातही हा बचाव कंपनीला मिळालाय, म्हणजे जखमी माणसाला कोर्टाने कंपनीकडून पैसे द्यायला लावले तरी ते तुमच्याकडून वसूल करायची मुभा कंपनी मागणार. आणि पुन्हा १८५ मध्ये सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही, शिवाय कलम २२ प्रमाणे कोर्टाला लायसन्स रद्द करावंच लागतं, सस्पेंड नाही, रद्द. तुमच्या घरात आजारी आई आहे, म्हणून हे मी जरा स्पष्ट लिहितोय. कासला जा, मित्रांबरोबर बसा, पण प्यायची असेल तर जाताना ड्रायव्हर घेऊन जा.

कोर्टाच्या ऑर्डरची सर्टिफाईड कॉपी, दंडाची पावती आणि आरटीओची सस्पेन्शन ऑर्डर तिन्ही एका फाईलमध्ये ठेवा, त्यावर सस्पेन्शनची सुरुवातीची आणि शेवटची तारीख नीट आहे का ते बघा. एजंटने पुन्हा फोन केला तर जादा पैशाचं मेसेजवर लिहून द्या एवढंच म्हणा, आणि तसा मेसेज आलाच तर डिलीट न करता मला पाठवा.