रिपोर्टमधला तो आकडा

प्रिय,

तुझा रिपोर्ट पाहिला. त्याखाली तू विचारलंयस, "ड जीवनसत्त्व इतकं कमी आहे म्हणूनच पाय जड होत चाललेत का?" हा प्रश्न मनात किती खोल रुतून बसतो, ते मला माहीत आहे. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) घेऊन मीही बरीच वर्षं जगतोय.

आधी आकड्याचं एकक बघ. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात, काही नॅनोमोलमध्ये. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम म्हणजे लिटरमागे ५० नॅनोमोल. त्याखालच्या पातळीला साधारणपणे कमतरता म्हणतात. तुझे १४ नॅनोग्रॅम आहेत, तेव्हा ती भरून काढायलाच हवी. पण ती भरली की आजार थांबेल, ही आशा बांधू नकोस.

कमी पातळी असलेल्यांना एमएस होण्याचा धोका जास्त असतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आजार झाल्यावर भरपूर डोस घेऊन तो आवरतो का, हा वेगळा प्रश्न. २०२३च्या एका चाचणीत नेहमीच्या औषधाच्या जोडीला काहींना रोज ५००० युनिट दिले, काहींना ६००. रिलॅप्स, म्हणजे आजाराचे नवे झटके, दोन्हीकडे सारखेच आले. २०२५मध्ये अगदी सुरुवातीच्या रुग्णांत मोठ्या डोसचा थोडा फायदा दिसला. मात्र हळूहळू वाढत जाणारं अपंगत्व त्याने थांबतं, असं कुणी दाखवलेलं नाही. शिवाय चालणं कमी झालं की बाहेर पडणं कमी होतं आणि पातळी उतरते. म्हणजे पुष्कळदा पाय आधी जड होतात, आकडा त्यांच्या मागून खाली येतो. तू गोळ्या चुकवल्यास म्हणून हे झालं, असं स्वतःला लावून घेऊ नकोस.

मग गोळी कशासाठी? हाडांसाठी. आपला तोल जातो, आपण पडतो, स्टेरॉइडचे कोर्स हाडं पोखरतात. पण इथेही जास्त म्हणजे चांगलं नव्हे. ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट देऊन पाहिले. २०१०मध्ये निकाल आला, तर त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. कुणी सांगितलं म्हणून असा जंगी डोस घेऊ नकोस. अतिरेक झाला की रक्तात कॅल्शियम चढतं: तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, थकवा, गोंधळलेलं डोकं. यातलं निम्मं आपल्याला एमएसमुळे होतच असतं, त्यामुळे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तुझ्याबाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

उन्हाचं म्हणशील, तर बंद काचेआड बसून उपयोग नाही. लागणारे किरण काच अडवते. बाहेर अंग तापून नजर धूसर झाली, पाय लटपटले, तर सावलीत ये. गारवा मिळाला की ते ओसरतं, त्याने आजार वाढत नाही.

डॉक्टरांनी लिहिलेला डोस नेमाने घे. तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासणी होईल, तेव्हा कॅल्शियमही बघायला सांग. तोल सावरायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घे. पडणं टाळायला त्यांचाच आधार जास्त. आणि बायोटिनच्या (ब गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या) गोळ्या घेत असशील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबला सांग, कारण काही यंत्रांवर त्यामुळे ड जीवनसत्त्व खोटंच जास्त दिसतं.

तुझा,
दादा