गुळाचा खडा आणि ओट्याची धूळ

प्रश्न : माझे मिस्टर नव्या इमारतींत किचनचे ओटे बसवतात. पूर्वी ग्रॅनाइट, हल्ली बरंचसं क्वार्ट्झ. घरी येतात तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या. तोंडाला रुमाल बांधतात. ठेकेदार संध्याकाळी सगळ्यांना गूळ देतो, म्हणतो धूळ उतरते. दोन महिने खोकला आहे, जिना चढताना दम लागतो. वय 38. काय करू?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : ताई, गूळ जातो पोटात, धूळ फुप्फुसात. दोघांची गाठच पडत नाही. माझे वडील लालबागला कापड गिरणीत, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात. तेही गूळ खायचे. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळायची, ती गुळाने कधी सुटली नाही.

भुवयांवरची धूळ धुतली जाते. घात करते ती डोळ्यांना न दिसणारी, रुमालातून आरपार जाणारी सिलिका, म्हणजे दगडातल्याच एका खनिजाची बारीक धूळ. संगमरवरात ती नावापुरती, ग्रॅनाइटमध्ये बरीच, आणि क्वार्ट्झच्या कृत्रिम लादीत बहुधा 90 टक्क्यांच्या आसपास. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या लाद्यांवर बंदीच घातली. आपल्याकडे शोरूमवाला ‘हळदीचा डाग पडत नाही’ एवढंच सांगतो.

आधी खोकल्याचं बघू. पालिकेच्या रुग्णालयात याच आठवड्यात थुंकी तपासा, छातीचा एक्स-रे काढा. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, झालेल्याला टीबी लवकर धरतो आणि एक्स-रेवर दोन्ही एकमेकांसारखे दिसू शकतात. डॉक्टर गर्दीत कामाचं विचारतीलच असं नाही, तेव्हा ‘इतकी वर्षं दगड कापतोय’ हे आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. उद्या भरपाई मागायची वेळ आली तर तोच कागद लागेल. सिलिकोसिसची इजा औषधाने भरून येत नाही, म्हणून निदान होईपर्यंत कोरडं कापणं पूर्ण बंद.

ठेकेदाराकडे मास्कच्या आधी पाणी मागा. पाण्याची नळी जोडलेला कटर मिळतो, धूळ उडण्याआधीच चिखल होतो. पवईच्या एका साइटवर मी पोऱ्याला बाटलीच्या झाकणाला भोक पाडून साध्या कटरवर धार सोडताना पाहिलं. शॉक लागून मरेल तो! पाण्यासाठीच बनवलेलं यंत्र हवं आणि लाइनवर ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. शक्य तेवढं कापणं दुकानात उरकावं, बंद फ्लॅटमध्ये नको. एवढं करून जी धूळ उरेल तिच्यासाठी एन-95, तोही दाढी करून, नाहीतर कडेने हवा शिरते.

कामाचे कपडे घरात झटकू नका, थेट बादलीत भिजवा. गूळ चहात घाला.